फ्रेंच छायाचित्रणाच्या संज्ञा इंग्रजीत आणताना

फ्रेंचमधून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याकडे छायाचित्रणाविषयीचा मजकूर साधारणपणे तीन वाटांनी येतो. एक वाट कॅमेरे आणि लेन्स यांच्या माहितीपुस्तिकांची, दुसरी संग्रहालये, प्रदर्शने आणि लिलावगृहे यांच्या सूचींची, आणि तिसरी छायाचित्रकारांच्या मुलाखतींची व त्यांच्यावरील लेखांची. तिन्ही ठिकाणी शब्द बहुतांशी तेच भेटतात. मात्र ते नेमक्या कोणत्या वस्तूला लावले आहेत, हे दर ठिकाणी बदलते. पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकून या व्यवसायात आलेल्या मराठी भाषकाने दोन्ही भाषा शिकून मिळवलेल्या असतात, त्यामुळे ‘कानाला बरे वाटते’ ही कसोटी त्याला कोणत्याच बाजूने पुरेशी ठरत नाही. म्हणून प्रतिशब्द शोधण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी: समोरची संज्ञा कॅमेऱ्याच्या एखाद्या भागाची आहे, डार्करूममधल्या कृतीची आहे, की भिंतीवर टांगलेल्या वा खोक्यात जपून ठेवलेल्या कागदाची आहे? हे ठरले की निम्मे काम होते. ते न ठरवता शब्दकोश उघडला, तर तो चार प्रतिशब्द देतो आणि त्यांतला चुकीचा नेमका आधी दिसतो.

शब्दसाम्यावर विसंबण्याचा मोह या विषयात विशेष मोठा असतो, आणि त्याला इतिहास कारणीभूत आहे. ७ जानेवारी १८३९ रोजी शास्त्रज्ञ फ्रान्स्वा आरागो यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दागेर यांच्या छायाचित्रणपद्धतीची, म्हणजे डॅगेरोटाइपची, घोषणा केली, त्याच वर्षी १९ ऑगस्टला त्याची कृती जाहीर झाली, आणि पुढे बराच काळ या कलेच्या परिभाषेचा मोठा भाग पॅरिसमध्येच घडत राहिला. इंग्रजीने त्यातले काही शब्द जवळजवळ जसेच्या तसे ठेवले, काही ठेवून त्यांचे अर्थ बदलले, आणि उरलेल्या गोष्टींना आपली स्वतंत्र नावे दिली. कोणता शब्द कोणत्या गटातला, हे त्याच्या रूपावरून कळत नाही. ‘कार्त-द-व्हिझित’ म्हणजे पॅरिसचे छायाचित्रकार दिसदेरी यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेला, लहान पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छायाचित्राचा प्रकार. तो इंग्रजीतही त्याच नावाने राहतो, त्याचे ‘व्हिझिटिंग कार्ड’ करू नये. उलट ‘क्लिशे’ हा शब्द इंग्रजीत आहे खरा, पण तो वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगासाठी. फ्रेंच मजकुरात ‘क्लिशे’ म्हणजे काचेची निगेटिव्ह, एखादा ‘शॉट’, किंवा चित्राखालच्या श्रेयओळीतला नुसता ‘फोटो’ यांपैकी काहीही असू शकते.

कॅमेऱ्याचे शब्द

सर्वांत आधी ‘ऑब्जेक्तिफ’ आणि ‘लाँतीय’ ही जोडी पक्की करावी. कॅमेऱ्याला जोडण्याचे संपूर्ण उपकरण ते ‘ऑब्जेक्तिफ’, आणि त्याच्या आत बसवलेले एकेक भिंग ते ‘लाँतीय’. इंग्रजीत पहिल्याला ‘लेन्स’ आणि दुसऱ्याला ‘एलिमेंट’ किंवा ‘लेन्स एलिमेंट’ म्हणतात. मराठीत आपण दोन्हींना सर्रास ‘लेन्स’ म्हणतो, त्यामुळे हा फरक आपल्या हातून सहज निसटतो आणि ‘दहा लाँतीयचे ऑब्जेक्तिफ’ हे ‘दहा लेन्सचे ऑब्जेक्टिव्ह’ होऊन बसते. ‘ऑब्जेक्टिव्ह’ हा इंग्रजी शब्द सूक्ष्मदर्शकापुरता राखून ठेवावा. अशीच दुसरी जोडी ‘आपारेय फोतो’ आणि ‘कामेरा’ यांची आहे. फ्रेंचमध्ये स्थिर छायाचित्रे काढण्याचे यंत्र पहिले, आणि चलच्चित्रणाचे दुसरे. दोन्हींना ‘कॅमेरा’ लिहिणे चुकीचे नाही, पण एकाच परिच्छेदात दोन्ही आले, तर दुसऱ्याला ‘व्हिडिओ कॅमेरा’ किंवा ‘मूव्ही कॅमेरा’ असे काळानुसार फोडावे लागते.

आजच्या माहितीपुस्तिकांत ‘इब्रिद’ हा शब्द फार येतो. त्याचे ‘हायब्रिड’ केले की इंग्रजी वाचक गोंधळतो, कारण आरसा नसलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या त्या कॅमेऱ्याला इंग्रजीत ‘मिररलेस’ म्हणतात. ‘तेलेमेत्रिक’ म्हणजे ‘रेंजफाइंडर’, ‘रेफ्लेक्स बि-ऑब्जेक्तिफ’ म्हणजे ‘ट्विन-लेन्स रिफ्लेक्स’, आणि ‘स्तेनोपे’ म्हणजे ‘पिनहोल’. फिल्मच्या मापाबाबत दोन्ही भाषांची मोजण्याची जागाच वेगळी आहे: फ्रेंच माणूस चौकटीचे माप सांगतो आणि ‘२४ × ३६’ म्हणतो, तर इंग्रजी भाषक फिल्मपट्टीची रुंदी सांगून ‘३५ मिलिमीटर’ म्हणतो. वस्तू एकच. डिजिटल कॅमेऱ्याच्या संदर्भात तेच ‘२४ × ३६’ आले, तर मात्र ‘फुल-फ्रेम’ लिहावे.

प्रकाशाचे प्रमाण सांगणाऱ्या शब्दांत विशेषणे फसवतात. ‘ऑब्जेक्तिफ ल्युमिनो’ म्हणजे ज्याचे छिद्र खूप मोठे उघडते अशी लेन्स. इंग्रजी भाषक तिला उजळ किंवा तेजस्वी म्हणत नाही, ‘फास्ट लेन्स’ म्हणतो, कारण त्याचा विचार शटर किती वेगाने चालवता येईल याकडे झुकलेला आहे. ‘आ प्लेन उव्हेर्त्युर’ म्हणजे ‘वाइड ओपन’. बोलीतला ‘दियाफ’ हा ‘दियाफ्राग्म’चा, म्हणजे लेन्सचे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या भागाच्या नावाचा, तुकडा असला, तरी ‘एक दियाफ बंद करा’ या वाक्यात तो भाग नसून माप आहे, म्हणून तेथे ‘स्टॉप डाउन बाय वन स्टॉप’ हेच हवे. तांत्रिक लेखांत त्याच मापासाठी ‘आय’ आणि ‘एल’ (‘इंदिस द ल्युमिनास्यों’) ही दोन अक्षरे येतात. इंग्रजीत त्यांच्या जागी ‘ई’ आणि ‘व्ही’ (‘एक्स्पोजर व्हॅल्यू’) ही अक्षरे बसतात. ‘सेल्युल’ हा शब्द विद्युत्घटासाठी नसून प्रकाशमापकासाठी आहे, तेव्हा ‘लाइट मीटर’ लिहावे. ‘रिदो’ म्हणजे पडदा आणि शटरच्या बाबतीत इंग्रजीतही ‘कर्टन’. पण ‘ऑब्त्युरातर आ रिदो’ या पूर्ण संज्ञेचा रूढ प्रतिशब्द ‘फोकल-प्लेन शटर’ असा आहे, आणि लेन्समध्ये बसवलेल्या ‘ऑब्त्युरातर सेंत्राल’चा ‘लीफ शटर’. तुकडे जोडून संज्ञा तयार होत नाही, ती अख्खी उचलावी लागते.

‘पोझ’ या शब्दासाठी थोडा वेळ द्यावा. ‘ताँ द पोझ’ म्हणजे ‘एक्स्पोजर टाइम’, ‘पोझ लोंग’ म्हणजे ‘लाँग एक्स्पोजर’, आणि ‘३६ पोझची फिल्म’ म्हणजे आपल्याकडे दुकानात मागितला जाणारा छत्तीसचा रोल, इंग्रजीत ‘३६-एक्स्पोजर रोल’. पण ‘सेआँस द पोझ’ म्हणजे स्टुडिओत छायाचित्रासाठी बसणे, आणि त्याला इंग्रजीत ‘सिटिंग’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या मजकुरात हे दोन अर्थ एकाच वाक्यात येऊ शकतात, कारण त्या काळी बराच वेळ न हलता बसणे आणि प्लेटवर प्रकाश पडू देणे ही एकच घटना होती. अशा वेळी वाक्य फोडून दोन्ही अर्थ वेगळे लिहिले तरी चालेल, मात्र एकाला गाळून पुढे जाऊ नये.

धूसरता आणि सावल्या

‘फ्लू’ हा छोटा शब्द माझ्या मते या संपूर्ण परिभाषेतला सर्वांत निसरडा आहे. फ्रेंचला चित्रातल्या सर्व प्रकारच्या अस्पष्टतेसाठी तो एकटा पुरतो, तर इंग्रजीत कारणानुसार शब्द बदलतात. विषय हलल्यामुळे आलेली अस्पष्टता ‘मोशन ब्लर’, हात हलल्यामुळे आलेली ‘कॅमेरा शेक’, फोकस चुकल्यामुळे आलेली ‘आउट ऑफ फोकस’, आणि मुद्दाम लेन्सने किंवा गाळणीने आणलेला मऊपणा ‘सॉफ्ट फोकस’. फ्रेंच लेखक ‘बूजे’ असे म्हणतो तेव्हा हालचाल निश्चित असते, पण हात हलला की विषय, हे पुढच्या मागच्या वाक्यांवरूनच ठरवावे लागते. ‘फिले’ मात्र स्पष्ट आहे: धावत्या विषयाबरोबर कॅमेरा फिरवून पार्श्वभूमी ओढल्यासारखी करणे, म्हणजे ‘पॅनिंग’. कलासमीक्षेत ‘फ्लू’ हा दोष नसून शैली असते, आणि तेथे ‘ब्लर’ हा साधा शब्दच बरा. त्याच्या उलट बाजूला ‘नेतते’ आणि ‘पिके’ हे शब्द आहेत. पहिला चित्राच्या सुस्पष्टतेसाठी, आणि दुसरा प्रामुख्याने लेन्सच्या बारीक तपशील दाखवण्याच्या क्षमतेसाठी. इंग्रजीत दोन्हींना ‘शार्पनेस’ चालते. फक्त दोन्ही शेजारी आले, तर दुसऱ्यासाठी ‘रेंडरिंग ऑफ फाइन डिटेल’ असे थोडे लांबवावे.

‘ओत ल्युमियेर’ म्हणजे चित्रातले उजळ भाग, ‘हायलाइट्स’. त्याचा जोडीदार ‘बास ल्युमियेर’ अनेकवचनात लिहिलेला असेल, तर तो चित्रातल्या गडद भागांविषयी बोलतो आणि इंग्रजीत ‘शॅडोज’ होतो. एकवचनात असेल, तर तो अपुऱ्या प्रकाशाविषयी बोलतो आणि ‘लो लाइट’ होतो. फ्रेंच उच्चारात हे अनेकवचन ऐकू येत नाही, त्यामुळे ध्वनिमुद्रित मुलाखतीवरून काम करताना हा शब्द आला की थांबून विषय पाहावा. ‘बूशे’ झालेले काळे भाग म्हणजे ‘ब्लॉक्ड-अप शॅडोज’, आणि त्यांना ‘देबूशे’ करणे म्हणजे ‘ओपन अप’ किंवा फ्लॅशचा संदर्भ असल्यास ‘फिल इन’. ‘देफिनिस्यों’ आणि ‘रेझोल्युस्यों’ यांत काटेकोर फ्रेंच लेखक भेद करतो: पहिले एकूण पिक्सेलसंख्येसाठी, दुसरे दर इंचातल्या घनतेसाठी. इंग्रजीत दोन्हींना ‘रेझोल्यूशन’ म्हणण्याची पद्धत असल्याने तो भेद राखायचा असेल, तर ‘पिक्सेल डायमेन्शन्स’ अशी रचना करावी.

चौकटीचे शब्द तुलनेने सोपे आहेत. ‘कादराज’ म्हणजे ‘फ्रेमिंग’ आणि ‘रकादराज’ म्हणजे ‘क्रॉपिंग’. ‘प्लोंजे’ म्हणजे वरून खाली पाहणारा ‘हाय-अँगल शॉट’ आणि ‘कोंत्र-प्लोंजे’ म्हणजे खालून वर पाहणारा ‘लो-अँगल शॉट’.

‘तिराज’ची गाठ

सूची आणि लिलाव यांच्या मजकुरात ‘तिराज’ हा शब्द पानोपानी येतो, आणि चूक झाली तर पैशांचा प्रश्न येथेच उभा राहतो. मुळात तो ‘ओढणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. निगेटिव्हवरून कागदावर काढलेले चित्र ते ‘तिराज’, म्हणजे ‘प्रिंट’. ते काढण्याची कृतीही ‘तिराज’, म्हणजे ‘प्रिंटिंग’. पुस्तकाच्या किती प्रती छापल्या हेही ‘तिराज’, म्हणजे ‘प्रिंट रन’. शिवाय कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत ‘तिराज ४६,५ मिमी’ असे दिसले, तर तेथे कागदाचा काहीही संबंध नाही: लेन्स जेथे बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे ते अंतर असून इंग्रजीत त्याला ‘फ्लँज फोकल डिस्टन्स’ म्हणतात. (४६.५ मिलिमीटर हे निकॉनच्या एफ माउंटचे अंतर.) भात्याच्या कॅमेऱ्यात तोच शब्द भाता किती ताणला आहे ते सांगतो, म्हणजे ‘बेलोज एक्स्टेन्शन’.

सूचीत या शब्दाला जोडून येणारी विशेषणे कालमान सांगतात. ‘तिराज देपॉक’ म्हणजे छायाचित्र घेतले त्याच सुमारास काढलेली प्रत. बाजारात तिला ‘व्हिंटेज प्रिंट’ म्हणतात, ‘ओल्ड प्रिंट’ किंवा ‘पीरियड प्रिंट’ नव्हे. ‘तिराज तार्दिफ’ म्हणजे ‘लेटर प्रिंट’: निगेटिव्ह जुनी, कागद नंतरचा. त्याला ‘लेट प्रिंट’ म्हटले, तर छायाचित्रकाराच्या उत्तरायुष्याचा अर्थ डोकावतो. १९३२ च्या निगेटिव्हवरून १९७० च्या दशकात काढलेली प्रत असेल, तर फ्रेंच सूचीत पूर्ण वाक्य असते. इंग्रजी सूचीत ते ‘१९३२, प्रिंटेड १९७०ज’ असे आखूड होते. दोन तारखांपैकी एकही गाळू नये, कारण त्याच सुमाराची प्रत आणि नंतरची प्रत यांच्या किमतींत मोठे अंतर असते.

‘आर्जाँतिक’, म्हणजे चांदीचे, हे विशेषण येथे दुसरा खड्डा खणते. कृष्णधवल प्रतीबाबत ‘तिराज आर्जाँतिक’ किंवा ‘एप्रव्ह जेलातिनो-आर्जाँतिक’ असेल, तर ‘जिलेटिन सिल्व्हर प्रिंट’ हा संग्रहालयांतला मान्य प्रतिशब्द लिहावा. पण फ्रेंच प्रयोगशाळा डिजिटल फाइलवरून चांदीच्या क्षारांच्या रंगीत कागदावर काढलेल्या प्रतीलाही ‘तिराज आर्जाँतिक’ म्हणतात, आणि ती इंग्रजीत ‘क्रोमोजेनिक प्रिंट’ किंवा ब्रिटिश वळणाने ‘सी-टाइप प्रिंट’ होते. रंगीत छायाचित्राखाली ‘जिलेटिन सिल्व्हर’ लिहिलेले जाणकाराला लगेच खटकते. कॅमेऱ्याच्या बाबतीत तेच विशेषण ‘न्युमेरिक’च्या, म्हणजे डिजिटलच्या, विरोधात येते आणि तेथे ‘फिल्म’ किंवा ‘अॅनालॉग’ असे करावे. ‘सिल्व्हर कॅमेरा’ करू नये.

प्रतींच्या संख्येविषयीच्या ओळी अक्षरशः जपाव्यात. फ्रेंच करकायद्यानुसार कलावंताने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली, सही केलेली आणि क्रमांकित प्रत कलाकृती ठरते, पण सर्व आकार आणि सर्व माध्यमे मिळून ३० प्रतींच्या मर्यादेतच. त्यामुळे प्रत या अर्थाच्या ‘एग्झाँप्लेर’ या शब्दाचे ‘एक्झाम्पल’ न करता ‘एडिशन ऑफ ३०’ अशी रचना करावी. ‘एप्रव्ह दार्तिस्त’ म्हणजे ‘आर्टिस्ट्स प्रूफ’. येथे ‘एप्रव्ह’चा प्रतिशब्द ‘प्रूफ’ बरोबर आहे. जुन्या छायाचित्रांच्या वर्णनात मात्र ‘एप्रव्ह’ म्हणजे नुसते ‘प्रिंट’. ‘एप्रव्ह स्युर पापिये आल्ब्युमिने’ हे ‘अल्ब्युमेन प्रिंट’ होते, त्यात ‘ऑन पेपर’ लिहिण्याची गरज उरत नाही.

प्रक्रियांची नावे

जुन्या प्रक्रियांच्या नावांत शब्दशः भाषांतर फारसे उपयोगी पडत नाही. ‘पापिये साले’ म्हणजे ‘सॉल्टेड पेपर प्रिंट’ आणि ‘एप्रव्ह ओ शार्बों’ म्हणजे ‘कार्बन प्रिंट’, ‘चारकोल’ नव्हे. पण ‘एलियोग्राव्ह्युर’ इंग्रजीत ‘फोटोग्राव्ह्युअर’ होते, ‘फोतोतिपी’ ‘कोलोटाइप’ होते, आणि ‘फोतोग्लिप्ती’ ही शोधकाच्या नावावरून ‘वुडबरीटाइप’ होते. ‘एलियोग्राफी’ हे मात्र छायाचित्रणाचे आद्य संशोधक नीएप्स यांनी आपल्या पद्धतीला दिलेले नाव असल्यामुळे ‘हेलिओग्राफी’च राहते. ‘व्हिराज’ म्हणजे वळण नसून रसायनाने प्रतीची छटा बदलणे, म्हणजे ‘टोनिंग’. ‘व्हिराज आ लॉर’ म्हणजे ‘गोल्ड टोनिंग’. ‘व्वाल’ म्हणजे बुरखा नसून नको तेथे प्रकाश लागल्याने आलेला ‘फॉग’. ‘रपिक’ म्हणजे प्रतीवरचे पांढरे ठिपके कुंचल्याने भरणे, ‘स्पॉटिंग’.

‘शाँब्र’ हा शब्द एकटा आला, तर तो मोठ्या आकाराच्या भात्याच्या कॅमेऱ्यासाठी असतो, म्हणजे ‘व्ह्यू कॅमेरा’. ‘शाँब्र न्वार’ म्हणजे संदर्भानुसार ‘डार्करूम’ किंवा ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, आणि ‘शाँब्र क्लेर’ म्हणजे चित्रकारांचे प्रिझमचे उपकरण ‘कॅमेरा ल्युसिडा’. डॅगेरोटाइपच्या आकारांना दोन्ही भाषांत समांतर नावे आहेत: ‘प्लाक आँतियेर’ म्हणजे ‘होल प्लेट’, सुमारे १६.५ × २१.६ सेंटिमीटर, आणि त्याखाली अर्धी, पाव, सहावा भाग अशी उतरण. याउलट काचेच्या निगेटिव्हचे फ्रेंच ‘१३ × १८’ हे सेंटिमीटरमधले माप आहे. ते इंग्रजी ५ × ७ इंचांच्या अगदी जवळ असले, तरी तेच नव्हे, म्हणून ते सेंटिमीटरमध्येच ठेवावे. मापांच्या ओळीत ‘एल’ हे अक्षर ‘लार्जर’, म्हणजे रुंदी, यासाठी असेल, तर इंग्रजीत ‘डब्ल्यू’ लिहावे, आणि दशांशाचा स्वल्पविराम सगळीकडे टिंबात बदलावा.

प्रदर्शनाच्या भिंतीवर

‘एक्स्पोझिस्यों’ म्हणजे प्लेटला प्रकाश लागणे आणि ‘एक्स्पोझिस्यों’ म्हणजे प्रदर्शनही. संदर्भाने हा भेद सहसा कळतो. तो कळत नाही तो शीर्षकांत, जेथे फ्रेंच लेखक मुद्दाम दोन्ही अर्थांशी खेळतो. ‘कोमिसेर’ म्हणजे ‘क्युरेटर’, ‘लेजाँद’ म्हणजे ‘कॅप्शन’, ‘पास-पार्तू’ म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, अमेरिकी वाचकासाठी ‘मॅट’ आणि ब्रिटिश वाचकासाठी ‘माउंट’. काम हाती घेतानाच कोणती इंग्रजी हवी हे विचारून घ्यावे. पुराभिलेखांतला ‘फों’ (एका व्यक्तीच्या वा संस्थेच्या कागदपत्रांचा संच) हा शब्द इंग्रजी अभिलेखपालही तसाच वापरतात. अल्बेर कान यांनी जमवलेल्या सुमारे ७२,००० ऑटोक्रोमसारख्या (काचेवरच्या सुरुवातीच्या रंगीत छायाचित्रांच्या) संचाविषयी सामान्य वाचकासाठी लिहिताना मात्र ‘कलेक्शन’ सोयीचे पडते. ‘आनोनिम’ असेल तेथे आजची संग्रहालये ‘अननोन’ किंवा ‘अनआयडेंटिफाइड फोटोग्राफर’ लिहितात, आणि ‘व्हेर १८६०’चे ‘सर्का १८६०’ होते.

श्रेयओळीतली ‘डी.आर.’ ही अक्षरे ‘द्र्वा रेझेर्व्हे’ची आहेत, आणि ती पाहताच ‘ऑल राइट्स रिझर्व्ह्ड’ लिहिण्याची घाई बहुतेकांना होते. फ्रेंच प्रकाशनव्यवहारात ही अक्षरे सहसा हक्कधारक सापडला नाही किंवा निश्चित झाला नाही तेव्हा लावली जातात, म्हणजे इंग्रजी घोषणेच्या जवळजवळ उलट स्थितीत. अशा जागी ग्राहकाला विचारून ‘फोटोग्राफर अननोन’ किंवा ‘राइट्स होल्डर नॉट ट्रेस्ड’ यांपैकी काय खरे आहे ते घालावे. कायदेशीर विधान आपल्या मनाने करू नये.

पुस्तकांची नावे नव्याने भाषांतरित करू नयेत. छायाचित्रकार आँरी कार्तिये-ब्रेसाँ यांचे १९५२ चे ‘इमाज आ ला सोव्हेत’ इंग्रजीत त्याच वर्षी ‘द डिसाइसिव्ह मोमेंट’ या नावाने आले. फ्रेंच नावात घाईघाईने, पळता पळता काढलेल्या चित्रांची सूचना आहे, इंग्रजी नावात निर्णायक क्षणाची. समीक्षक या फरकावरच बोलत असेल, तर दोन्ही नावे ठेवून फ्रेंच नावाचा अर्थ वाक्यातच उलगडावा.

पडताळणी

कामाच्या सुरुवातीला मजकूर एकदा केवळ संज्ञांसाठी वाचावा आणि प्रत्येक संज्ञेपुढे ती कोणत्या वस्तूला लावली आहे ते मराठीत, साध्या शब्दांत लिहावे. प्रतिशब्दाचा रकाना तोवर रिकामा ठेवावा. नंतर तो भरताना द्विभाषिक कोशापेक्षा समांतर मजकूर अधिक उपयोगी पडतो. कॅमेरा कंपन्या एकाच यंत्राची पुस्तिका दोन्ही भाषांत काढतात आणि त्यांची पाने बहुधा जुळतात. संग्रहालयीन संज्ञांसाठी गेटी संस्थेचा ‘आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस’ प्रत्येक प्रक्रियेची व्याख्या देतो. कॅनडा सरकारचा ‘तेर्मियम’ आणि क्वेबेकचा ‘ग्राँ दिक्सियोनेर तेर्मिनोलोजिक’ हे कोश चांगले आहेत, पण क्वेबेकची फ्रेंच पॅरिसची नव्हे: सेल्फीला तेथे ‘एगोपोर्त्रे’ म्हणतात, फ्रान्समध्ये ‘सेल्फी’च. निवडलेला प्रतिशब्द मूळ इंग्रजीतच लिहिलेल्या दोन-तीन सूचींत भेटतो का, हेही पाहावे. तो केवळ फ्रेंच संस्थांच्या इंग्रजी पानांवर दिसत असेल, तर तो आधीच्या एखाद्या भाषांतरकाराची चूक असण्याची शक्यता बरीच असते. ज्या संज्ञेची वस्तू प्रत पाहिल्याशिवाय ठरतच नाही, तिच्यासाठी ग्राहकाकडे छायाचित्राच्या पुढच्या आणि मागच्या बाजूची प्रतिमा मागावी. ती मिळेपर्यंत मसुद्यात फ्रेंच शब्दच ठेवून शेजारी प्रश्नचिन्ह घालावे, आणि असे सर्व प्रश्न एकाच यादीत, पानाच्या क्रमांकासह पाठवावेत.